सोजरबाईची न सरलेली वेचणी

आपल्या वावरातला दगडन् दगड आपल्या ओळखीचा आहे, असं सोजरबाई छातीठोक सांगायची. त्याच दगडांनी तिला असं कात्रीत धरलं की विचारता सोय नाही.

तेलुगू मुलखातल्या गुडीहत्नूरच्या मोठ्या सडकेजवळ तिचं चार एकर काळं वावर. त्याच्या पलीकडचं, सडकेपासून आतलं वावर दिराचं, भगवानरावाचं. ते प्लॉटवाल्यांनी घेतलं आणि तिथे ज्वारीऐवजी चुना फासलेले दगड उगवले. त्याच साली शेती खात्याचा माणूस तेलुगू फॉर्म घेऊन घरोघर फिरला. त्यात विचारलं होतं, जमीन राखणार की विकणार? नवरा मारोतराव ताठ मानेनं म्हणाला, "जीव गेला तरी इकत नाई." सोजरबाईला त्या दिवशी नवऱ्याचा फार अभिमान वाटला.

दिवाळी झाली, कापूस फुटला. पहिल्या वेचणीआधी सीतादही घालायची असते. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाच दगड मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा आणि मगच कापसाला हात. एकदा पूजलेले दगड वेचणी सरेपर्यंत हलवायचे नाहीत. मजूर बाया खोळंबल्या होत्या. सोजरबाईला आपल्याच कापसात चुन्याचे दगड रोवलेले दिसले. प्लॉटवाल्यांचा दोर चुकला, दुसरं काय! तिनं रागारागानं ते उपटले, आणि हाताशी आहेतच म्हणून त्यातलेच पाच धुऱ्यावर मांडून पूजले.

दुसऱ्या दिवशी प्लॉटवाला नकाशा घेऊन हजर. "माँजी, ये रोड के पत्थर हैं. मारोतराव ने ही जगह दिखाई थी."

"कोनता रोड?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

मारोतराव टोपी काढून डोकं खाजवू लागला. "म्या वावर कोठी इकलं? पलीकडच्या प्लॉटाले जायाले रस्ता तेवढा देल्ला. रस्ता म्हंजे वावर थोडीच हाये?"

वाईट हे, की तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. वावराच्या मधून रस्ता गेल्यावर औत कुठे फिरवणार, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. सोजरबाईला संताप यावा की कीव, कळेना.

दगड परत रोवायला मारोतराव वाकला. कुंकू दिसलं आणि त्याचा हात आखडला. "येचनी सरू द्या, मंग न्या," तो प्लॉटवाल्याला म्हणाला. प्लॉटवाल्यानंही दगडांना हात जोडले.

तेव्हापासून दर वेचणीला सोजरबाई धुऱ्याजवळची एक ओळ सोडू लागली. "काऊन सोडता, बाई?" बाया विचारत.

"कापूस फुटाचा हाये अजून."

होळी गेली. पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडांच्या, वाळून काटक्या झाल्या. प्लॉटवाला आठवड्याला विचारून जाई आणि ती ठरलेलं सांगे, "नाई सरली, बाप्पा."

वैशाखात सगळ्यांची वावरं नांगरून झाली. हिचं तेवढं पऱ्हाटीसकट उभं. पऱ्हाटी उपटावी तर वेचणी सरली, दगड गेले, रस्ता आला. न उपटावी तर पेरायचं कुठे? ती दगडांसमोर बसली आणि चक्क भांडली, "तुमी वावर राखून राह्यले, का अडवून राह्यले?"

मागे मारोतराव बैल घेऊन उभा होता. आता पुरता खजील झालेला. "सांग, जुपू का?"

सोजरबाईनं सोडलेल्या ओळीतलं वाळलेलं बोंड हातात धरलं. कापूस ओढला नाही, सोडलाही नाही.

"थांबा," ती म्हणाली. कशासाठी, ते तिला सांगता येईना.