प्रेशर मशीन आणि दिवाळीआधीच्या भिंती

भिंती धुण्याच्या धंद्यात सांगण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. पण दसरा ते दिवाळी रोज नव्या माणसाच्या अंगणात उभं राहिलं, की किस्से आपोआप साठत जातात. निम्मे हसण्यासारखे, निम्मे मनातच ठेवण्यासारखे.

नव्वदच्या दशकात मंगळवार पेठेत माझं गाड्या धुण्याचं सेंटर होतं. पार्टनर विलास, आडदांड आणि तोंडाचा फटकळ. पावसाळ्यानंतर शेवाळानं काळ्या पडलेल्या भिंती त्याच प्रेशर मशीननं धुवायच्या, ही आयडिया त्याचीच!

पहिलं गिऱ्हाईक गल्लीतलेच निवृत्त मास्तर. गाडीच्या मडगार्डला लावतो तेवढंच प्रेशर विलासनं भिंतीला लावलं. शेवाळ गेलं, चुना गेला, मागोमाग हातभर गिलावा खाली आला. मास्तर शांतपणे म्हणाले, “विलास, मी घर धुवायला सांगितलं होतं. विटा मोजायला नव्हे!” तो गिलावा पुढं आम्हीच थापून दिला.

*

एका घरी मुलगी बघायला पाहुणे यायचे होते. ते तासभर आधीच टपकले आणि मुलाचे वडील पांढऱ्या सदऱ्यानिशी ओल्या भिंतीला टेकले. पाठभर हिरवं! घरातले सगळे गारठले. मुलगीच टॉवेल घेऊन बाहेर आली. “वाळंपतोर बसा की मामा. तंवर मलाबी तुमच्या पोराला बघू द्या!” लग्न तिथंच जमलं.

*

शाहूवाडीकडं दोन भाऊ एकच घर वाटून राहत होते. बोलणं बंद. थोरल्यानं अंगणात रेघ ओढली. “हितवरच धुवायचं. फुडं एक थेंब न्हाय!”

निम्मं घर उजळलं, निम्मं काळंच राहिलं. थोरला रस्त्यावर जाऊन लांबून बघून आला. मग म्हणाला, “लई वंगाळ दिसतंय. त्येचंबी धुवा.”

“त्यास्नी इचारा की!” विलास म्हणाला.

“तुमीच इचारा. मी न्हाय बोलणार!”

धाकटा चार हातांवर दारातच उभा होता. तो विलासला म्हणाला, “त्येला सांगा, व्हय म्हणून.”

*

एका बाईंनी ओसरीच्या भिंतीवरचा तेलकट डाग तेवढा सोडायला सांगितला. त्यांचे मालक रोज तिथं डोकं टेकून पेपर वाचायचे. दोन वर्षांपूर्वी गेले. विलासनं त्या डागावर पोतं दाबून धरलं आणि मला म्हणाला, “मार पाणी!” त्याच्या हाताचं सालटं निघालं, पण त्यानं हात हलवला नाही.

*

चंदगडच्या घराचं मी फारसं कुठं बोलत नाही. वर्षाच्या आत कुणी गेलं असलं, तर तिकडं दिवाळीला त्या घराच्या भिंती धूत नाहीत. आम्हीही अशा दारावरून न विचारता पुढं जायचो.

बोलावणं आलं पार्वतीअक्कांकडून. त्यांचा एकुलता मुलगा गोव्यात मासेमारीच्या बोटीवर होता. ऑगस्टात बोट समुद्रात गेली, ती परत आलीच नाही. बोटही सापडली नाही, माणसंही नाहीत. आता त्याचं दिवसकार्य उरकून टाकावं, असं भावकीचं म्हणणं होतं. अक्का ऐकत नव्हत्या.

आम्ही पाईप जोडून मशीन चालू केलं, तर त्यांचे दीर आडवे आले. “पावणं, मशीन बंद करा! ह्या घरात दुखवटा हाय!”

विलासनं पाण्याची गन खाली केली. सगळी गल्ली गोळा झाली होती. सामान टेम्पोत टाकून निघून जावं, असं मला वाटलं.

अक्का पायरी उतरून आल्या. विलासच्या हातातली गन घेतली आणि दोन्ही हातांनी धरून भिंतीवर पाणी सोडलं. पाण्याच्या झटक्यानं त्या मागं गेल्या, विलासनं पाठीला हात दिला. काळं पाणी अंगणातून वाहत दिरांच्या पायांपर्यंत आलं. ते बाजूला सरले.

मशीनच्या आवाजावर आवाज चढवून अक्का मला म्हणाल्या, “मागची बाजू पयली घ्या, पावणं! त्येची खोली तिकडं हाय. दिवाळीला यायचाय त्यो, तंवर वाळाय पायजे!”