एक कॉइल की दोन

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप बसवलेला असतो. आत चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली, म्हणजे कॉइल. वरची तार थरथरली की कॉइलमध्ये इवलीशी वीज उठते, आणि अॅम्प्लिफायर तिचा आवाज करतो. पण कॉइल लई भोळी. आसपासच्या विजेच्या मोटारींची घरघरसुद्धा उचलते. एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या दोन कॉइलींच्या पिकअपमध्ये ती घरघर आपसातच मरते, सूर मात्र जरा जाडसर येतो.

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मुंबईहून दोन्ही तऱ्हेचे पिकअप आणले आणि म्हणाले, "घे तुला पायजे तो." मी घरी दोन्ही लावून बघितले. एका कॉइलचा सूर काय लखलखीत! घरघरीचं नावही नाही. तोच घेतला. त्या दिवशी गल्लीतल्या यंत्रमागांना आठवड्याची सुट्टी होती, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. जन्म गेला त्या खडखडाटात, आणि बंद असल्याचं कळू नये!

गणपतीत कार्यक्रम आमच्याच गल्लीत होता. मागावर काम करणारे माझे वडील पहिल्यांदाच ऐकायला येणार होते. "ऐकतो, मग ठरवू, वाजवायचं का मागावर यायचं," असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

मंडपाला लागून विजेवरच्या मागांचा कारखाना, आणि संध्याकाळची पाळी सुरू. गिटार जोडली मात्र, घर्रर्र सुरू झालं. मालकांनी डोळे वटारले. वडील पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर ठेवून. मेलो आता, वाटलं.

घाबरून बाजूला वळलो तर घरघर कमी झाली. आणखी वळलो, आणखी कमी. कॉइलची दिशा बदलली की ती मोटारींचं कमी ऐकते, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? पूर्ण पाठ फिरवून गिटार जरा वर कलती केली तेव्हा घरघर जवळजवळ गेली. मग हललोच नाही. सगळा कार्यक्रम मागच्या पडद्याकडे बघत वाजवला. टाळ्या पाठीवर ऐकल्या.

घरी जाताना मीच वडिलांना चुंबक, कॉइल, मोटारी असं भडाभडा सांगायला लागलो.

"वाजव तू," ते म्हणाले. "आवाज चांगला हाय. पर मी तुला वाजवताना बघाया आलो हुतो की रं."

पुढं वर्षभर दोन कॉइलींचा पिकअप लावून, लोकांकडे तोंड करून कार्यक्रम केले. ते पुन्हा कधी आले नाहीत.