वामनरावांची बाराशे पावलं

जालन्यात वामनराव रांजणीकरांचं नाव काढलं की लोक विचारतात, "मोजणीवाले का?" बत्तीस वर्षं या माणसानं जमिनी मोजण्यात काढली. भांडणाऱ्या भावांच्या बांधावर उभं राहून दोघांच्याही शिव्या खाल्ल्या, पण कुणाच्या घरचा चहा घेतला नाही. साखळी सरकारी होती, भरवसा मात्र स्वतःच्या पावलांवर. आधी पावलांनी मोजायचे, मग साखळी टाकायचे आणि दोन्ही जुळलं की दिवसभर खूश. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नाही. घरापासून दूधवाल्यापर्यंत पावलं किती, हे ते कुणी न विचारताही सांगतात.

दर रविवारी भोकरदनची एसटी धरायची आणि पुढं डोंगरउतारावरच्या सालईच्या रानात भटकायचं, हा त्यांचा नवा छंद. या रानाचं नाव कुठल्या फलकावर नाही. तिथं वाघ नाही, धबधबा नाही, फोटो काढायला कठडासुद्धा नाही. सालई, धावडा, मोर, एखादं बुजरं रोही, म्हणजे नीलगाय, आणि माणसाचा आवाज नाही. वामनरावांना एवढं अगदी पुरतं.

पण पौषात घोटाळा झाला. ते नाला चुकले, डोंगराच्या भलत्याच अंगाला उतरले आणि दिवेलागणीला कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून भोकरदनला पोचले. त्याआधी दोनदा किल्ली घरात विसरली होती. त्यांच्या पत्नी शरयूताई घाबरल्या. मुलगी गंधाली संभाजीनगरला बँकेत, तिला लगेच फोन गेला. बाबा विसरायला लागले, असं मायलेकींनी ठरवलं आणि रान बंद झालं.

वामनरावांचा जीव कासावीस झाला. चार दिवस भाजीला नावं ठेवली नाहीत, यावरून काय ते समजा. पाचव्या दिवशी म्हणाले, "एकदा चला माझ्यासंगं. तीस वर्षांमागं मोजणीला गेल्तो, तवा त्या रानात पाण्याचा एक झिरा पाह्यला होता. परत त्या अंगाला गेलो न्हाई, पण ध्यानात हाय. हद्दीच्या दगडापासून नाल्यानं उगवतीला बाराशे पावलं. न्हाई सापडला तर माझे बूट माळ्यावर टाका."

माघातल्या रविवारी तिघं निघाले. हद्दीचा दगड चटकन सापडला, तेव्हा वामनरावांची मान ताठ झाली. नाल्याच्या कोरड्या वाळूतून ते पुटपुटत चालू लागले. शेजारी गंधाली, मागं शरयूताई. लग्न झाल्यापासून शरयूताईंची जागा तीच, नवऱ्याच्या दहा हात मागं. "जरा चल की लवकर" हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षं ऐकलं होतं.

"बाराशे," वामनराव म्हणाले आणि थांबले.

समोर वाळू, दोन्ही बाजूंना वाळकं गवत. पाण्याचा मागमूस नाही. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. चेहरा उतरला.

"बसा थोडं," शरयूताईंनी दशमीचा डबा उघडला. "खाऊन घेऊ, मंग जाऊ घरी."

वामनराव बसले खरे, पण दशमी हातातच राहिली. खरंच सगळं पुसत चाललं असेल तर? खाली मान घालून ते आल्या वाटेकडं बघत राहिले. वाळूत पावलं उमटली होती. गंधालीची लांब लांब. त्यांची स्वतःची जवळ जवळ, एकाला एक चिकटलेली. त्यांनी बोटानं दोन्ही मोजली, पुन्हा मोजली आणि मोठ्यानं हसले.

"गंधाली, हे बघ! तुझी तीन पडली तिथं माझी चार. नोकरीत होतो तवा मी तुझ्यासारखा चालायचो. मी विसरलो न्हाई गं, पाऊल आखूड झालंय! आकडा तोच धरून बसलो, मोजणीवाला असून!"

गंधालीनं बँकेतल्या सवयीनं तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "म्हंजे तुमच्या पावलांनी सोळाशे, बाबा. अजून चारशे."

या खेपेला वामनरावांची पावलं मोठ्यानं मोजली शरयूताईंनी. तीनशेऐंशीला हवा गार लागली. नाला वळला आणि काळ्या कातळाखाली ओंजळीएवढं पाणी चमकलं. कडेला रोह्याचे खूर, वर मधमाश्यांची ये-जा. वामनरावांनी पाणी डोळ्यांना लावलं. डोळे आधीच ओले होते.

"बूट न्हाई टाकत माळ्यावर," शरयूताई म्हणाल्या.

परतताना त्या वाळूत एकदम थांबल्या. मागं वळून पाहिलं. त्यांची आणि वामनरावांची पावलं जोडीनं उमटली होती, अंतर बराबर सारखं. परतीच्या वाटेवर आपण मागं राहिलोच नाही, हे त्यांना आत्ता कळलं.

"चाळीस वर्षं तुमच्यामागं पळून राह्यले," त्या म्हणाल्या, "आज कुठं सापडलात."

वामनराव लाजले. मग गंधालीच्या मागोमाग दोघंही न मोजता चालत एसटीच्या थांब्यापर्यंत आले.