न उघडलेलं स्टिअरिंग

मीटर उजव्या फेंडरवर, पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर टेकवला आणि आकडा आला तीनशे चाळीस.

रंगाची जाडी मोजायचं हे यंत्र हाताच्या मुठीत मावतं. कंपनीतून निघालेल्या गाडीवर रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो. अडीचशेच्या वर गेला म्हणजे तो पत्रा नंतर पुन्हा रंगवलाय. मी बॉनेटवर लावून पाहिला. दोनशे नव्वद. मागची दारं आणि डिकी एकशे वीसवर. म्हणजे गाडी पुढून ठोकलेली होती. किती जोरात, ते अजून कळायचं होतं.

देविदासभाऊ माझ्या खांद्यामागून मीटरकडे बघत होते.

"काय म्हणते?"

"पुढचा भाग रंगवला आहे, भाऊ."

"रंगवला त रंगवला. आमी बी रोज रंगवतो तोंड," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

चंद्रपूरला वरोरा नाक्याच्या पुढे एका मोकळ्या मैदानात आम्ही उभे होतो. नागपूरच्या एका डीलरचा माणूस ती गाडी घेऊन आला होता. जर्मन बनावटीची सेडान, राखाडी रंग, आठ वर्षं जुनी. त्या कंपनीच्या गाड्यांमधली सगळ्यात खालची पायरी. पण इंजिन टर्बो, सीट लेदरच्या, आणि गिअरजवळ स्पोर्ट लिहिलेलं एक बटन. नवी असताना तिच्या किमतीत आमच्याकडे दोन मजली घर झालं असतं. आता ती नव्या साध्या गाडीच्या भावात मिळत होती. जुन्या महागड्या गाडीचा मोह असा असतो. विकत घेताना ती स्वस्त असते, फक्त विकत घेताना.

माझं नाव सलीम. नागपूरला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये मी एकोणीस वर्षं अशाच गाड्या दुरुस्त केल्या. अब्बांची तब्येत बिघडली तेव्हा चंद्रपूरला परत आलो. आता लोक जुनी गाडी घेण्याआधी मला बोलावतात. मी तपासतो आणि कागदावर रिपोर्ट लिहून देतो. घुग्घुस-भद्रावतीकडचे खाणीतले लोक, मास्तर, ठेकेदार. गाड्या बहुतेक छोट्या, नाहीतर जीप. जर्मन सेडान तपासायला चंद्रपुरात मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. हे सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात याचाही हात आहे.

देविदासभाऊ झाडीपट्टीतले नट. आमच्याकडे धान घरात आलं की गावोगावी मंडप पडतात आणि रात्रभर नाटक चालतं. वडशाच्या नाटक कंपन्या रोज नव्या गावात जातात. देविदासभाऊ वीस वर्षं नायकाची कामं करत होते. गाणं स्वतः म्हणायचे. लाइट गेली आणि माइक बंद पडला तरी शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला शब्द कळायचा, इतका त्यांचा आवाज. इतकी वर्षं ते कंपनीच्या टेम्पोत, पडद्यांच्या पेट्यांवर बसून फिरले. त्यांनी मला सरळ सांगितलं होतं.

"सलीमभाऊ, गावात नाटकाच्या दिवशी पोरं रस्त्यावर उभी राहते, हिरो पाहाले. आनं हिरो टेम्पोच्या मागून उतरते. कमरेले हात लावून. एकदा मले गाडीतून उतरायचं आहे."

मी नवी छोटी गाडी घ्या म्हणालो होतो.

"छोटी गाडी त आमच्या गावच्या ग्रामसेवकापाशी बी आहे," ते म्हणाले होते.

मैदानात मी पुढचं काम चालू ठेवलं. बॉनेटच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा होत्या. म्हणजे बॉनेट काढून परत बसवलेलं. इंजिन मात्र छान होतं. ऑइल स्वच्छ, आवाज एकसारखा. स्कॅनर लावला. गाडीच्या कॉम्प्युटरला काही बिघाड दिसत असेल तर तो स्कॅनरवर येतो. एकही आला नाही. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागला आणि काही सेकंदांत विझला. तसंच व्हायला पाहिजे.

मग मी स्टिअरिंगकडे पाहिलं.

स्टिअरिंगच्या मधल्या भागाला, हॉर्न वाजवतो तिथे, आम्ही पॅड म्हणतो. ड्रायव्हरची एअरबॅग त्याच्या आत घडी करून ठेवलेली असते. त्या गाडीचं पॅड बाजूच्या प्लास्टिकपेक्षा किंचित जास्त काळं होतं. आठ वर्षं ऊन खाल्लेल्या गाडीत सगळं प्लास्टिक सारखंच फिकं पडतं. एकच तुकडा काळा राहत नाही.

एअरबॅग एकदा फुटली की नवी बसवावी लागते. ती महाग असते. काही लोक नवी बसवतच नाहीत. पॅडचं नुसतं झाकण आणतात, आणि तारेला एक छोटा रेझिस्टर जोडतात. तो दोन-चार रुपयांना मिळतो. कॉम्प्युटरला वाटतं, बॅग जागेवर आहे. दिवा विझतो. स्कॅनरलाही काही सापडत नाही. खात्री करायची तर एकच मार्ग, पॅड उघडून बघायचं. बॅटरीची तार काढायची, दहा मिनिटं थांबायचं, मागून क्लिप दाबायच्या. अर्ध्या तासाचं काम.

मी डीलरच्या माणसाला म्हणालो, "पॅड खोलून पाहतो."

"नाई भाऊ, ते नका खोलू. सेठनं मना केलं आहे. क्लिप तुटली त कोण भरन?"

"मी भरीन."

"मले विचारावं लागन." त्याने फोन कानाला लावला, बाजूला जाऊन बोलला आणि परत आला. "सेठ नाई म्हणून राह्यले. चारले दुसरी पार्टी येऊन राह्यली, वणीची. तुमाले घ्यायची नसन त सांगा."

वर्कशॉपमध्ये आमच्या उस्तादांनी शिकवलेला एक नियम होता. विकणारा जे उघडू देत नाही, तिथेच बघायचं असतं. बघता आलं नाही तर गाडी सोडायची. मी हा नियम कितीतरी पोरांना पुढे शिकवला होता.

तेवढ्यात देविदासभाऊ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. त्यांनी ते स्पोर्ट बटन दाबलं आणि रेस दिली. इंजिनचा आवाज खाली उतरला, घोगरा झाला. समोरच्या पेट्रोल पंपावरची दोन-तीन माणसं वळून बघायला लागली. भाऊंनी काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं. चेहरा इतका खुलला होता की मला बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

"सलीमभाऊ, ठोकली किती आहे?"

"थोडी," मी म्हणालो.

"थोडी ना? मंग हो म्हणा."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. नागपूरला घेऊन चला, लिफ्टवर चढवू, असं म्हणता आलं असतं. पण त्यांचा आनंद मोडावासा वाटला नाही. आणि खरं सांगायचं तर, जिल्ह्यात ही गाडी फिरेल तेव्हा लोक म्हणतील, सलीमनं पास केली, हेही डोक्यात होतं. रिपोर्टवर मी लिहिलं, 'पुढून किरकोळ दुरुस्ती. चालवायला योग्य.' पॅडचं काहीच लिहिलं नाही. ती जागा कोरी ठेवली.

तो सीझन त्यांचा चांगला गेला. कधी मूलवरून फोन यायचा, कधी सिंदेवाहीवरून. "आज पोरं गाडीमागं धावली," असं सांगायचे. एकदा ब्रेक पॅड बदलायला आले. सोबत त्यांच्या पत्नी लताबाई होत्या. बाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. पुढे काऊन नाही बसत, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "पुढं बसलं की लोक पाह्यते. मले सवय नाई." भाऊ खुशीत होते. मी गाडीत बसून ती बाहेर घेतली. हात स्टिअरिंगच्या त्याच पॅडवर होता. तेव्हाही उघडता आलं असतं. आता गाडी त्यांची होती, कुणाला विचारायचं नव्हतं. मी उघडलं नाही. उघडल्यावर जे दिसलं असतं ते त्यांना सांगावं लागलं असतं.

फेब्रुवारीत एका सकाळी गडचिरोलीकडचा प्रयोग संपवून ते परत येत होते. व्याहाडच्या अलीकडे रस्त्यात नीलगाय आली. त्यांनी गाडी डावीकडे घेतली आणि ती छोट्या पुलाच्या कठड्यावर गेली. वेग फार नव्हता. बेल्ट लावलेला होता. मागून कंपनीचा टेम्पो येत होता, त्यातल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं.

एअरबॅग उघडली नाही. गळा स्टिअरिंगवर आदळला.

मला दुपारी कळलं. मी आधी दवाखान्यात गेलो नाही. आधी मूलला गेलो, जिथे गाडी ओढून आणली होती. का, ते मला माहीत होतं. पाना घेतला, बॅटरीची तार काढली, दहा मिनिटं थांबलो. मग पॅड उघडलं. आत बॅग नव्हती. काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला रेझिस्टर होता, आणि पोकळ जागा खडखडू नये म्हणून फोमचा तुकडा कोंबलेला होता. बेल्ट पूर्ण ओढून बघितला. धडकेच्या वेळी बेल्ट आवळून धरणारा भागही आधीच्या ठोकरीतच निकामी झालेला, तो तसाच परत लावला होता. बेल्ट होता, पण त्याने त्यांना धरलं नाही.

जीव वाचला. चंद्रपूरला ऑपरेशन झालं. श्वासासाठी गळ्यात नळी घातली होती. डॉक्टरांनी बोलायचं नाही असं सांगितलं होतं. दहा-बारा दिवसांनी मी भेटायला गेलो. लताबाई स्टुलावर बसल्या होत्या. भाऊंच्या छातीवर शाळेची पाटी होती, काही सांगायचं असलं की त्यावर लिहायचे.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. पॅडचा रंग, डीलरचा नकार, कोरी जागा, मूलला जे सापडलं ते. सगळं.

लताबाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तुमाले तवाच दिसलं होतं?"

"हो."

"मंग काऊन नाई बोलले?"

माझं चुकलं, एवढंच म्हणालो.

"हे घरी येऊन सांगत होते, सलीमभाऊनं पाह्यली आहे, आता फिकर नाई." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

भाऊंनी पाटी ओढली. लिहिलं, 'घाई मीच केली.' आणि माझ्याकडे वळवली.

त्यांनी हे मला मोकळं करायला लिहिलं होतं. मी मोकळा झालो नाही. गिऱ्हाईक घाई करणारच. आवडलेल्या वस्तूपुढे माणूस आंधळा असतो, म्हणून तर तो आपल्याला सोबत नेतो.

डीलरकडे मी स्वतः गेलो. तो शांतपणे म्हणाला, "आम्ही लिलावात घेतली, तशीच विकली. आणि रिपोर्ट तर तुमचाच आहे." त्याच्या मोबाइलमध्ये माझ्या कागदाचा फोटो होता. 'चालवायला योग्य', खाली माझी सही.

लताबाईंनी ग्राहक आयोगात तक्रार केली. मी त्यांच्या वकिलाला म्हणालो, माझं म्हणणं लिहून घ्या. स्टिअरिंगवर संशय आला होता, विकणाऱ्याने उघडू दिलं नाही, तरी मी योग्य म्हणून लिहिलं.

वकील म्हणाले, "भाऊ, असं लिहिलं तर तुमच्यावर बी येईल."

"लिहा," मी म्हणालो.

त्या कागदावरच डीलरची बाजू पडली. निकाल लागायला बराच काळ गेला. डीलरने गाडी परत घ्यायची आणि नुकसानभरपाई द्यायची असं ठरलं. भरपाईतला काही वाटा माझ्यावर आला. तो मी भरला. गावात बातमी पसरली आणि काही महिने मला कुणी बोलावलं नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. ते बरोबरच होतं.

भाऊंची नळी निघाली, पण आवाज आला नाही. जो आला तो कुजबुजीएवढा, कोरडा. गाणं संपलं. आता ते वडशाला त्याच कंपनीच्या ऑफिसात बसतात, गावांची बुकिंग घेतात. त्यांच्या जागी नायकाचं काम ब्रह्मपुरीचा एक जण करतो. बरा गातो, असं लोक म्हणतात. मी बघायला गेलेलो नाही.

मागच्या दिवाळीनंतर मला अनोळखी नंबरवरून एक फोन आला. पलीकडून कुणीतरी हळू, फाटलेल्या आवाजात बोलत होतं. मला ओळखू येईना. मी विचारलं, "कोण बोलून राह्यलं?"

मग पुन्हा तोच आवाज आला, "देविदास."

कंपनीला एक जुनी जीप घ्यायची होती. ती बघून द्या म्हणाले. जिल्ह्यात गाडी बघणारे आणखी दोघे आहेत, हे मी त्यांना सांगितलं. "माहीत आहे," ते म्हणाले. "तुमीच या."

मी वडशाला गेलो. जीपखाली झोपून बघितलं. चेसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, एका जागी कापून पुन्हा वेल्ड केलेला होता. वरून रंग नवाकोरा. जीपचा मालक शेजारीच उभा होता, आणि कंपनीची मंडळी हार घेऊन आली होती. मी बाहेर आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, घेऊ नका. मंडळी नाराज झाली. भाऊंनी मान हलवली आणि हार टेबलाच्या खणात ठेवून दिला.

आता माझ्या रिपोर्टवर पहिलं कलम असतं: काय उघडून पाहिलं नाही, आणि का. तिथे काही लिहावं लागलं तर खाली 'घेऊ नये' असंच लिहितो. हो म्हणायला विकणारा फुकटात हजर असतो. आपल्याला बोलावतात ते 'नाही' म्हणायला. एवढी साधी गोष्ट मी इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवली, आणि मला ती एका माणसाचा चांगला गळा गेल्यावर कळली.