झुबेदामावशीचं डिक्टेशन

आधीच सांगते, मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. जन्म कोकणातला, त्यामुळे चकवा, हडळ, राखणदार असल्या गोष्टी लहानपणापासून कानावर पडलेल्या... पण विश्वास कधी बसला नाही. कुणी सांगायला लागलं की सगळ्यात आधी मीच हसायचे. तरीही आत्याच्या घरी जे झालं ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, म्हणून लिहितेय.

माझी आत्या, नलिनी, रत्नागिरीत खालच्या आळीत राहते. लग्न केलं नाही. राम आळीत एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर तिचा टायपिंगचा क्लास होता. जोडीला मैत्रीण, राजिवड्याची झुबेदामावशी. आत्या मुलींची बोटं बटणांवर बसवायची, मावशी डिक्टेशन द्यायची. शाळा सुटली की मी तिथेच असायचे. सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या की कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट, मध्येच ओळ संपल्याची घंटी, रिबनच्या शाईचा वास... आणि त्या सगळ्याच्या वर मावशीचा खणखणीत आवाज. पुस्तकातले उतारे तिला बेचव वाटायचे. ती मनाने रचायची, कधी बाजारावर, कधी पावसावर, कधी समोर बसलेल्या मुलीच्या वेणीवर! आणि सगळं विरामचिन्हांसकट – "मनगटं वर! स्वल्पविराम... पूर्णविराम... चला गो, पुढची ओळ!" लांज्या-राजापुराहून एस्टीने मुली यायच्या. निकालाच्या दिवशी माडीभर पेढे.

मग घरोघरी कॉम्प्युटर आले आणि क्लास बंद पडला. मावशी मुलाकडे आखातात गेली. तिथेच वारली. आत्याला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही. पुढे काचबिंदूने आत्याची नजर गेली, आणि आमची बडबडी आत्या गप्प झाली. खुर्चीत बसून राहायची. जेवलीस का विचारलं तर "हो". बास.

तिचा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात धूळ खात होता. मला कळलं, की विंडोजच्या जागी टाकता येणारी लिनक्सची अशी एक सिस्टिम मिळते जी इन्स्टॉल होतानाच बोलते – पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवते. जुन्या मशीनवरही चालते. पेन ड्राइव्ह तयार केला आणि एका रविवारी दुपारी गेले.

"आता या वयात काय गो शिकवतेस मला? राहू दे तो डबा," आत्या म्हणाली.

"नुसती बस तरी. तुझा हात कीबोर्डवर हवा, माझा नको."

मशीन सुरू झालं. स्पीकरमधून नाकात बोलणारा, यांत्रिक इंग्रजी आवाज आला.

"हा सर्दी झालेला साहेब कोण?" आत्याने विचारलं. कितीतरी दिवसांनी ती काही गमतीचं बोलली होती!

तो बोलत गेला, ती बटणं दाबत गेली. भाषा इंग्रजीच ठेवली होती, मराठी आवाज मी नंतर टाकणार होते. जुनी डिस्क पुसली गेली, फाइल्स कॉपी व्हायला लागल्या. वेळ लागणार होता, म्हणून मी चहा टाकायला आत गेले.

दूध उतू जाऊ नये म्हणून उभी होते, तेवढ्यात ऐकलं...

"मनगटं वर."

आवाज तोच. नाकातला, यांत्रिक. पण मराठी! आणि ती लय... झुबेदामावशीची!

"इथे समुद्र आहे स्वल्पविराम पण सुक्या मासळीचा वास नाही पूर्णविराम. इथे खिडक्या उघडत नाहीत पूर्णविराम. नले स्वल्पविराम मशिनींवर कव्हरं घातलीस का प्रश्नचिन्ह."

मी गॅस बंद करून बाहेर धावले. आत्या ताठ बसली होती आणि तिची दहाही बोटं कीबोर्डवर धावत होती. पडद्यावर फक्त फाइल्स कॉपी होत असल्याची पट्टी. लिहायला जागाच नव्हती, तिचं टायपिंग कुठेच उमटत नव्हतं. एरवी प्रत्येक बटणाला अक्षर उच्चारणारा तो आवाज, त्या वेळी एकही अक्षर उच्चारत नव्हता.

"पुढची ओळ," तो म्हणाला, आणि थांबला.

"सांग ना गो," आत्या म्हणाली. मला नव्हे.

थोड्या वेळाने साहेबाने इंग्रजीत जाहीर केलं, की इन्स्टॉलेशन पूर्ण झालं.

"तू घातलंस हे आत?" आत्याने मला विचारलं.

"नाही."

"नले म्हणून मला फक्त तीच हाक मारायची."

"क्लासातला जुना उतारा असेल गं. तुला आठवला असेल."

"मला आठवला, मग तुला कसा ऐकू आला?" ती म्हणाली. "आणि हा उतारा तिने क्लासात कधीच दिला नाही. मी पहिल्यांदा ऐकला."

मी शोध घेतला नाही असं नाही. त्या इंग्रजी आवाजापुढे मराठी मजकूर ठेवला, तर तो नुसती बडबड करतो. पेन ड्राइव्ह उलटापालटा तपासला. त्याच मशीनवर लगेच पुन्हा इन्स्टॉल केलं, कॉलेजातल्या एका जुन्या मशीनवरही केलं. साहेब सगळीकडे इंग्रजीच बोलला. सहकाऱ्यांना विचारलं, ते म्हणाले, स्पीकरने कुठलातरी रेडिओ पकडला असेल. रेडिओवर कोण विचारणार, नले, कव्हरं घातलीस का?

आत्या आता रोज दुपारी मशीनपुढे बसते. तो उतारा तिने पहिल्याच दिवशी नुसत्या बोटांच्या सवयीने टाइप करून ठेवला, आणि त्याच्याखाली आपलं उत्तर लिहिते आहे. कव्हरं घातली, मशिनी कुणाला दिल्या, कुठल्या मुलीची मुलगी आता तलाठी झाली... घरात पुन्हा बोलणं सुरू झालंय.

मध्ये मी म्हटलं, "आत्या, हल्ली मराठी आवाज छान, माणसासारखे मिळतात. तो नाकातला साहेब काढून टाकू का?"

"नको गो," आत्या म्हणाली. "तिला हाच सापडलाय."