दार-ए-सलाम ते सोलापूर, नेमाच्या दप्तरासह

पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसानं आयुष्यातलं पहिलं विमान धरावं आणि तेही आफ्रिकेचं, हे आमच्या गल्लीत कुणालाच पटलं नाही. पण माधुरीचा, म्हणजे माझ्या मुलीचा, फोन आला, "अप्पा, तुम्हीच या. दोन पोरं, एवढं सामान आणि मी एकटी. यांना गिरणीचं काम आवरून मागनं यावं लागणार." जावई तिकडच्या टॉवेलच्या गिरणीत. बरीच वर्षं टांझानियात काढून आता दोघं कायमची सोलापूरला परतणार होती, आणि तिथल्या अनाथालयातून दत्तक घेतलेली दोन भावंडं सोबत आणणार होती. नेमा आठ वर्षांची, बराका तीनचा.

"जावा," शालन, आमच्या सौ., म्हणाल्या, "पण विमानात कविता म्हणत बसू नका. शेजारची माणसं उठून जायची."

शाळेतल्या कविता मला अजून चालीसकट पाठ आहेत, हा माझा एकमेव गुन्हा. भूगोलाच्या तासाला आफ्रिका मला नकाशाला फुटलेल्या कानासारखी दिसायची. वाटायचं, आपण मोठ्यानं म्हटलं तर तिला ऐकू जाईल. आता प्रत्यक्ष त्या कानात शिरायचं होतं. जाणाऱ्यांसाठी सांगतो, पीतज्वराची लस वेळेत टोचून घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. येताना मुंबईला तेच आधी मागतात.

दार-ए-सलामचा समुद्र निळा नाही, हिरवा आहे, अगदी पाटीवरच्या नव्या रंगखडूसारखा. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली मला आपल्या उकडीची आठवण देऊन गेला. न्याहारीला मांदाझी मिळतात, आपल्या गुलगुल्यांच्या चुलत बहिणी. रस्त्यावर खुशाल खा, फक्त गरम बघून घ्या.

नेमानं मला दारातच पारखलं. बराका तिच्या कडेवर होता. मी हात पुढे केला तसा तिनं एका हातानं तो शिवल्यासारखा केला आणि भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या.

माधुरीनं मला गॅलरीत नेऊन सांगितलं, "अप्पा, त्या अनाथालयात लोक यायचे आणि लहान पोरं न्यायचे. मोठी मागं राहायची. हिला वाटतंय आपण बराकाला ठेवून घेणार आणि हिला परत धाडणार. तुम्ही त्यासाठीच आलाय म्हणते."

"मी?"

"एवढा म्हातारा माणूस इतक्या लांबून येतो तो काहीतरी न्यायलाच, असं म्हणाली."

नेमाच्या पाठीवर एक लाल दप्तर होतं. ते ती झोपतानाही काढत नव्हती.

विमानात खिडकी बराकाला दिली. ढग दिसले आणि माझ्यानं राहवलं नाही. हातानं ठेका धरून दुसरीतली एक कविता हळूच म्हटली. पोरगं खुदकन हसलं. त्याबरोबर पलीकडून नेमाचे दोन हात आले आणि त्याच्या कानांवर बसले. माझ्या तोंडाकडे ती अशी बघत होती, जणू मी मंत्र घालतोय. मी कविता अर्ध्यातच सोडली. थोड्या वेळानं पाहिलं तर माझ्या ताटलीतला पाव गायब. हवाईसुंदरीनं उचलला असेल म्हटलं.

मुंबईला अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मुलांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"आजोबा, ही तुमची कोण?"

"नातवंडं."

त्यानं माधुरीकडची सगळी कागदपत्रं उलटसुलट पाहिली. तरी समाधान होईना. शेवटी नेमाला इंग्रजीत विचारलं, हे तुझे आजोबा का?

नेमानं मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "बाडो."

"म्हणजे?"

माधुरी ओशाळून म्हणाली, "म्हणजे... अजून नाही."

अधिकारी पहिल्यांदा हसला आणि शिक्का मारला. मला मात्र हसू आलं नाही.

सोलापूरहून रफिकची गाडी बोलावली होती. गाडी किलोमीटरवर ठरवा, पण टोल आत की बाहेर हे निघण्याआधी विचारून घ्या, नाहीतर मोहोळपर्यंत तोच विषय पुरतो. शालननं त्याच्याबरोबर दशम्यांचा डबा धाडला होता आणि पोरांसाठी गोड पावाचं पाकीट. पुणे मागे टाकलं तोवर पाकीट नाहीसं आणि दशम्या निम्म्या. मी रफिककडे बघितलं.

"अप्पा, ऐसा क्या देखरें? मैं हात बी नै लगाया की!"

"मी काही म्हटलं का?"

"आँख से बोले ना तुम."

भिगवणला धरणाच्या पाण्याशी थांबलो. थंडीचे दिवस, लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. अशा वेळी वर्ग आठवतो. पावसाळी काळोख, गळकं कौल आणि साठ पोरं एका सुरात म्हणतायत. मी डोळे मिटून उभा होतो. उघडले तेव्हा गाडीच्या काचेत दिसलं. नेमा डब्यातली दशमी काढून दप्तरात सरकवत होती. खाल्ली नाही, तोंडालाही लावली नाही.

मनात पाल चुकचुकली. पोरगी चोरटी निघाली तर? मी माधुरीला बाजूला घेऊन सांगितलं.

"माहीताय मला," ती म्हणाली. "रागावू नका आणि विचारूही नका. भुकेची भीती असेल, जाईल हळूहळू."

पण मला ते उत्तर पुरेना. भुकेलं पोर लपून खाईल. ही साठवत होती.

टेंभुर्णीला जेवायला उतरलो. झुणका-भाकरी झकास, ठेचा जरा जपून. माधुरी हात धुवायला गेली, तेवढ्यात बराका रडायला लागला. मी उचलला तशी नेमा माझ्या सदऱ्याला लोंबकळून ओरडू लागली. शेजारच्या टेबलावरची बाई उठलीच.

"आवं आजोबा, कुनाची पोरं ही?"

"माझी नातवंडं."

"व्हय? मग ती पोरगी अशी का बोंबलतीया? आय कुटं हाय यांची?"

चारपाच माणसं घास थांबवून बघू लागली. एकानं मोबाइल काढला. मी पटकन बराकाला नेमाच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरलो. ओरडणं थांबलं. माधुरी धावत आली, पोरांनी तिला मिठी मारली, तेव्हा ती बाई वरमली. "आमी हितल्या केम गावचं. अलीकडं काय काय ऐकाय येतंय, म्हून इचारलं. राग मानू नगा." राग कसला? बाईनं बरोबरच केलं. पण मी मागे सरलो तेव्हा नेमानं मला जरा निराळ्या नजरेनं पाहिलं, एवढं खरं.

दिवेलागणीला घर आलं. शालन भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. पोरांवरून तुकडा उतरून टाकल्याशिवाय आत कसं घेणार? बराकावरून ओवाळला आणि लांब रस्त्यावर भिरकावला. नेमावरून ओवाळला, तोही भिरकावला. नेमाचा चेहरा उतरला. ती पळत गेली, धुळीतले दोन्ही तुकडे उचलले आणि दप्तरात टाकले.

"अगं बया! इडापिडा परत उचलली की पोरीनं!" शालन कपाळाला हात लावून बसली.

सकाळी उठून पाहतो तर दोघं भावंडं पायरीवर. पायात बूट, अंगात स्वेटर, मांडीवर दप्तर. माधुरी शेजारी बसली, हळूहळू बोलत राहिली, तेव्हा कुठे ते दप्तर उघडलं. बुरसटलेल्या मांदाझी, विमानातला पाव, गोड पावाचं पाकीट, दशम्या, आणि मुंग्या लागलेले ते दोन तुकडे.

"काय म्हणते?" मी विचारलं.

माधुरीनं तिचं बोलणं मराठीत सांगितलं. "परत जाताना वाटेत खायला म्हणते. दोघांना पुरेल एवढं जमवलंय. काल तुम्ही यांच्यावरून भाकरी फिरवून बाहेर टाकली ना... आता यांची पाळी, असं तिला वाटतंय."

शालनच्या हातातली केरसुणी तिथंच थांबली. "अगं, पीडा टाकली गं मी, तुला नव्हे," ती मराठीतच म्हणाली आणि ते शिळंपाकं उचलायला वाकली. नेमानं दप्तर पोटाशी धरलं.

"टाकू नकोस," मी म्हटलं. "बदलून देऊ."

रिक्षा करून नवी पेठेत गेलो. मी, नेमा आणि तिच्या कडेवर बराका. माधुरीनं तिला समजावून सांगितलं होतं, तरी वाटभर तिची नजर माझ्यावरच. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घेतला. मग ओळखीच्या दुकानात कडक भाकरीची चळत आणि शेंगाचटणी.

"प्रवासाला निघालाव का अप्पा?" दुकानदार म्हणाला.

"मी नाही, ही निघालीय."

"कुटं?"

"ते तिलाच ठाऊक."

"काय काळजी करू नगा. म्हैनं म्हैनं काय हुत न्हाय या भाकरीला."

मी नेमाला डबा दिला आणि तिच्या भाषेतला प्रवासाचा शब्द म्हटला, "सफारी." तिनं भाकरीवर बोटानं टकटक केलं. वास घेतला. मग एकेक करून सगळ्या भाकरी स्वतः डब्यात रचल्या, झाकण लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. येताना रिक्षात बराका माझ्या मांडीवर चढला. तिनं पाहिलं. ओढून घेतला नाही.

याला आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, अप्पा, आफ्रिकेत काय पाहिलंत? जंगल पाहिलं नाही, सिंह पाहिला नाही. तो हिरवा समुद्रही आठवणीत विटत चाललाय. डोळ्यांसमोर राहिलंय ते पायरीवर बूट घालून बसलेलं पोर. इतक्या साऱ्या कविता पाठ असून त्या सकाळी मला एक ओळ आठवली नव्हती.

परवा दुपारी अंगणात कुरकुर आवाज आला. नेमा डबा उघडून बसली होती. कडक भाकरी मोडायची, शेंगाचटणी लावायची, एक तुकडा बराकाला, एक स्वतःला. मी शेजारी टेकलो. ती थांबली, मला आपादमस्तक पाहिलं आणि एक तुकडा माझ्याही हातावर ठेवला. माझ्या कवळीला तो झेपेना, पण चघळत राहिलो.

डब्याच्या तळाशी एकच भाकरी उरली.

"तीपण संपव की," मी खुणेनं म्हटलं.

तिनं झाकण लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

"बाडो," ती म्हणाली.