निशाणाला लावलेला टाका

यमुनाकाकू सबनीस यांना कुणाचंही लोंबतं बटण बघवत नसे. मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्षांचं भाषण चालू असलं तरी यांचं लक्ष त्यांच्या बाहीच्या उसवलेल्या शिवणीकडे, आणि चहाच्या वेळी सरळ जाऊन म्हणायच्या, "कोट काढा, पाच मिनिटांचं काम आहे." माझ्या साडीचा फॉल त्यांनी एकदा मी साडी नेसलेली असताना लावला आहे, हललीस तर सुई लागेल अशी धमकी देऊन. त्यामुळे पुढे जे झालं त्यात त्यांचा स्वभाव किती आणि माझा आगाऊपणा किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

काकू १९७२ साली मिरजेहून कॉव्हेंट्रीला आल्या. यजमान श्रीनिवास मोटारींच्या कारखान्यात होते. काकूंनी सैन्याचे बिल्ले भरणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरली. मुकुट, सिंह, घोडे, सगळं सोनेरी तारेने हाताने भरायचं. हे त्यांनी सव्वीस वर्षं केलं. बिल्ला पुरा झाला की मागच्या बाजूला काळं कापड चिकटवत, त्यामुळे टाके कुणाचे हे कळायची सोयच नव्हती. "मोठमोठ्या साहेबांच्या छातीवर माझं काम आहे गं, पण त्या साहेबांना कुठे ठाऊक," असं त्या हसत म्हणायच्या. जरा जास्तच वेळा म्हणायच्या. मी पुण्याहून नुकती आलेली, सॉफ्टवेअरच्या चुका शोधायची नोकरी करणारी, स्वतःला फार हुशार समजणारी बाई. त्या हसण्यामागचं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्या मंडळाचा गणपती गावाबाहेरच्या एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये बसतो. २००६ च्या एप्रिलमध्ये हॉलचं बुकिंग करायला मी तिथे गेले, तेव्हा तिथल्या व्हिकर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, हेलन शिडीकडे बघत उभ्या होत्या. भिंतीवर उंच एक लाल रेशमी निशाण होतं. शेवटाला दोन शेपट्या, कडेला काळवंडलेली सोनेरी झालर, वरच्या बाजूला भरलेला घोडा, आणि मधोमध तळहाताएवढं चौकोनी भोक. खाली पितळी पाटी: 'रेड विलो हॉर्स, कॅनडा, १९१६.' हेलनबाई दोन वर्षांपूर्वी आलेल्या, त्यांना पाटीपेक्षा जास्त माहिती नव्हती. सप्टेंबरमध्ये त्या कॅनडाच्या घोडदळ रेजिमेंटची माणसं निशाण बघायला येणार होती. "हे कुणीतरी हलक्या हाताने झटकून, एखादा टाका घालून दिला तर," त्या म्हणाल्या. मी लगेच म्हणाले, आमच्या यमुनाकाकू आहेत ना.

त्या रविवारी हेलनबाई स्वतः काकूंच्या घरी गेल्या. मिसेस सबनीस, तुमचं नाव मला मुद्दाम सांगितलंय, असं म्हणाल्या. हे वाक्य काकूंनी मला फोनवर तीनदा ऐकवलं.

मग तीन महिने काकूंच्या डायनिंग टेबलावर लाकडी चौकट आणि तिच्यावर ते निशाण. जेवायचं ते सोफ्यावर, मांडीवर ताट घेऊन. त्यांचा मुलगा नकुल क्रॉयडनहून आला तर त्यालाही तीच शिक्षा. विरलेल्या रेशमाला मागून जाळी लावली, झालर एकेक तार पुसून परत बसवली, घोड्याची आयाळ नव्याने भरली. आणि मधलं भोक? त्याच्या कडा दसा सुटून नुसत्या लोंबत होत्या. काकूंनी त्या सरळ कातरल्या, लंडनच्या वेम्बलीहून रंग जुळवून आणलेलं रेशीम आतून लावलं आणि असं रफू केलं की मला चष्मा लावूनही जोड सापडेना. "आता कसं अंगभर कपडा घातल्यासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, वाजवल्या.

रेजिमेंटचं पत्र चर्चला ऑगस्टमध्ये आलं. लिहिणारे मेजर कोस्टिक. एरवी शाळेत भूगोल शिकवायचे, शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यात घोडदळात. घोडे कधीच गेले, आता चाकांच्या चिलखती गाड्या आहेत, तरी मेजवानीला बुटांना घोडेस्वाराच्या लोखंडी टाचा लावूनच बसतात, असं गमतीने लिहिलं होतं. पुढचं मात्र गमतीचं नव्हतं. १९१६ मध्ये फ्रान्सला निघण्याआधी रेजिमेंट या गावात मुक्कामाला होती. निशाणावर लढायांची नावं भरतात, पण यावर तेव्हा एकही नव्हतं. पहिल्या लढाईचं नाव जिथे भरायचं, तिथला चौकोन रेजिमेंटच्या नालबंदाने कापला आणि कर्नलच्या खिशात दिला. निशाण या चर्चमध्ये ठेवायचं, परत आलो की तुकडा जोडू आणि नाव भरू, असं ठरलं. निम्मी माणसं परतलीच नाहीत. कर्नलही नाही. चौकोन तेवढा त्याच्या सामानातून घरी पोचला. उरलेल्यांनी ठरवलं, नाव कुठलंच भरायचं नाही, ही रिकामी जागा हाच आपला मान. तो तुकडा आजही काचेखाली आहे, दर नवा शिपाई त्याच काचेवर हात ठेवून शपथ घेतो. गेल्या नव्वद वर्षांत तो कधी बाहेर गेला नव्हता. आता पहिल्यांदाच तो आणून निशाणाला लावून बघणार होते. आणि शेवटी एक ओळ: ठेवून दिलेल्या निशाणाला सुई लावायची नसते, ते म्हातारं होऊन आपलं आपण गळून पडावं, अशी आमची रीत आहे.

हेलनबाईंनी पत्र मला वाचायला दिलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. काकूंना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. चौकट पुन्हा टेबलावर घेतली आणि उसवायला बसल्या. आठ दिवस उसवत होत्या. जाळी काढली, आयाळ काढली, नवं रेशीम काढलं. सगळं निघालं. पण कातरलेल्या कडा कुठून परत आणणार? त्या दसा केव्हाच व्हॅक्यूममधून कचऱ्यात गेल्या होत्या.

"तुकडा आता बसणार नाही," काकू म्हणाल्या. "चारी बाजूंनी फट राहील. तांदळाच्या दाण्याएवढी."

मला त्यांचा राग आला, माझाही आला, आणि त्या रीतीचाही आला. फाटकं निशाण फाटकंच ठेवायचं ही काय रीत झाली? पण हेही कळत होतं की माझ्या आजोबांचा फोटो कुणी छान रंगवून दिला असता तर मीच त्याच्या अंगावर धावून गेले असते.

हेलनबाईंनी तोडगा काढला. जुनं रेशीम आहे, नव्वद वर्षांत आपोआप झडलं म्हणता येईल. मिसेस सबनीसांचं नाव घ्यायची गरजच नाही. मला तो तोडगा आवडला. सप्टेंबरात ती माणसं आली त्या रविवारी सकाळी काकूंना गाडीतून चर्चकडे नेताना मी तेच समजावत होते.

"काकू, तुम्ही मागच्या बाकावर बसा. त्यांना काय कळणार आहे? इट्स ओल्ड सिल्क."

"मला कळतंय ना."

"पण उगीच स्वतःला का पुढे करायचं? नकुल पण हेच म्हणाला."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. "मनीषा, सव्वीस वर्षं चांगलं काम केलं, त्याला कुणी नाव लावलं नाही. आता वाईट झालंय, तर तेही बिननावाचं? मग मी होते कशाला या देशात?"

मी गाडी पार्क केली.

तीसेक माणसं आली होती. चर्चच्या दगडी फरशीवर त्यांच्या टाचा खणखण वाजत होत्या. प्रार्थना झाली, निशाण खाली उतरवून टेबलावर पसरलं. मेजर कोस्टिक यांनी काचेच्या पेटीतून तुकडा काढला. दोन बोटांनी धरून तो चौकोनात ठेवला. चारी बाजूंनी फट राहिली.

हेलनबाईंनी घसा साफ केला. तेवढ्यात काकू मधल्या वाटेने पुढे गेल्या. निळी इरकल साडी, वर कार्डिगन, पायात बूट.

"ती फट माझ्यामुळे आहे," त्या आपल्या कॉव्हेंट्रीच्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी यमुना सबनीस. मी हे भोक बुजवलं होतं. तुमचं पत्र आल्यावर उसवलं, पण कडा मी कातरल्या होत्या. त्या आता नाहीत."

एक तरुण शिपाई पुढे आला. मागच्याच महिन्यात तो कंदहारहून परतला होता, हे मला नंतर कळलं. "इट वॉजन्ट युअर्स टु मेंड," तो म्हणाला. आवाज वाढवला नाही, पण ते लागायचं तिथे लागलं.

"नव्हतंच," काकू म्हणाल्या. "विचारायला हवं होतं. फाटलेलं दिसलं की माझे हात थांबत नाहीत."

मेजर पहिल्या बाकावर बसले. त्यांनी बॅगेतून एक हिरव्या बांधणीची जुनी वही काढली. या निशाणाचं जे जे झालं ते सगळं त्यात लिहिलेलं असतं, असं त्यांनी काकूंना सांगितलं, आणि वाचून दाखवलं. १९१६, नालबंदाने मधला चौकोन कापला. १९४०, बॉम्बहल्ल्यात खिडकी फुटून काचेने डावी शेपटी फाटली. कुणाला दोष दिलेला नाही, कुणाची माफीही मागितलेली नाही, जे झालं ते तारखेनिशी. मग त्यांनी काकूंचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि खाली लिहिलं, मोठ्याने वाचलं: "२००६. यमुना सबनीस, कॉव्हेंट्री, यांनी चुकून दुरुस्त केले."

"चुकून नाही," काकू म्हणाल्या.

मी मागून त्यांचा पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला.

"मी मुद्दाम केलं. तीन महिने मन लावून केलं. फक्त कुणाला विचारलं नाही. तसं लिहा."

मेजरनी त्यांच्याकडे पाहिलं. मग 'चुकून' वर एक रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'न विचारता, मन लावून'. वही काकूंकडे वळवली. तो तरुण शिपाईही वाकून बघत होता. काकूंनी चष्मा लावून सगळी ओळ वाचली, आपल्या नावाखालून एकदा बोट फिरवलं.

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना रडू आलं.